सरपण की कचरा?

१. सकाळची मोळी

बदलापूरहून बारवी धरणाकडे रस्ता जातो. एकदा भल्या सकाळी आम्ही त्या रस्त्याने येत होतो. समोरून तीन बाया चालत आल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर लाकडाची मोळी होती. मोळी खांद्यापेक्षा रुंद. पायात चपला नाहीत.

आम्ही विचारले, "मावशी, लाकडं कुठून आणली?"

त्यांतली थोरली बाई म्हणाली, "रानातून आणली, दादा. पहाटेच निघालो. आधी घरामागंच फाटी मिळायची. आता दोन टेकड्या चढून जावं लागतं."

"घरी गॅस नाही का?"

"हाय ना. टाकी हाय, शेगडी हाय. पण टाकी भरायला पैसा लागतो. चहाला गॅस, भाकरीला चूल. असं चाललंय."

बाई पुढे गेल्या. त्यांना थांबायला वेळ नव्हता.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही उल्हासनगरला होतो. तिथे एका फर्निचरच्या कारखान्यामागे ढीग पडला होता. त्यात लाकडाचे तुकडे होते, ढलप्या होत्या, रंध्याची साल होती. भुशाच्या फुटक्या गोण्या होत्या. त्यातच प्लॅस्टिक, उष्टे अन्न आणि चिंध्या मिसळल्या होत्या. वरून पाणी पडून सगळे भिजले होते.

आम्ही मिस्त्रींना विचारले, "याचं काय करता?"

मिस्त्री म्हणाले, "काय करणार? कचऱ्याची गाडी येते, ती नेते. नाही आली तर कुणीतरी काडी लावतं."

बाई सकाळी ज्या वस्तूसाठी दोन टेकड्या चढली, तीच वस्तू संध्याकाळी आम्ही कचऱ्यात पाहिली. मधले अंतर आगगाडीच्या दोन-तीन स्थानकांचे. म्हणून या पाठात आपण एकच गोष्ट समजून घेणार आहोत. लाकूड वेगळे ठेवले आणि कोरडे ठेवले, तर ते सरपण. मिसळले आणि भिजवले, तर तो कचरा.

२. लाकूड कुठे वाया जाते?

कल्याणच्या पुढे ही तीन शहरे एका ओळीत आहेत. आधी उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर. तिन्ही उल्हास नदीच्या खोऱ्यात वसली आहेत.

उल्हासनगर हे निर्वासितांनी उभे केलेले गाव. फाळणीनंतर सिंधमधून हजारो लोक इथल्या लष्करी छावणीत येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथे नव्या गावाची कोनशिला बसवली. नदीच्या नावावरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. हातात काही नसताना आलेल्या या लोकांनी धंदे काढले. त्यांतलाच एक धंदा फर्निचरचा. उल्हासनगरचा फर्निचर बाजार आज दूरवर प्रसिद्ध आहे. खाट, कपाट, सोफा तयार झाला, की मागे तुकडे आणि भुसा उरतोच.

अंबरनाथ म्हटले की आपल्याला जुने शिवमंदिर आठवते. पण अंबरनाथ हे कारखान्यांचेही गाव आहे. गेल्या शतकात इथे विमकोचा काड्यापेट्यांचा मोठा कारखाना होता. लाकडाची काडी करून ती देशभर जात असे. आजच्या कारखान्यांत माल लाकडी खोक्यांतून आणि लाकडी फळ्यांच्या पाटांवरून येतो. माल उतरला, की खोकी मोडतात.

बदलापूर हे वाढते शहर आहे. जुनी घरे पडतात, नव्या इमारती उठतात. जुन्या घराचे वासे, दारे, चौकटी निघतात. नव्या घराच्या सेंट्रिंगच्या फळ्या शेवटी मोडतात.

आणि तिन्ही शहरांत झाडे आहेत. पावसाळ्याआधी तारांवर आलेल्या फांद्या छाटाव्या लागतात. वादळात झाडे पडतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले. तेव्हा कोकणात वाडीच्या वाड्या आडव्या झाल्या, हे आपल्याला आठवत असेल.

हे सगळे लाकूडच. त्यासाठी एकही नवे झाड तोडायला नको.

३. भुशाची शेगडी

टाकाऊ लाकडातून शक्ती काढायची ही गोष्ट नवी नाही. घरातल्या आजीला विचारा. तिला भुशाची शेगडी आठवेल.

पत्र्याचा एक डबा घ्यायचा. त्याला खाली बाजूला भोक पाडायचे. त्या भोकातून एक दांडका आत सरकवायचा. डब्याच्या मधोमध एक बाटली उभी धरायची. मग वखारीतून आणलेला कोरडा भुसा चहूबाजूंनी ठासून भरायचा. भुसा पक्का बसला, की बाटली आणि दांडका अलगद काढून घ्यायचा. आत नळीसारखी वाट तयार होते. खालच्या भोकातून पेटती काडी घातली, की शेगडी दोन-तीन तास जळत राही. डाळ, भात, अंघोळीचे पाणी, सगळे होई.

आजी आणखी एक सांगेल. "भुसा दमट असला की शेगडी नुसती धुमसायची. डोळे चुरचुरायचे."

यात दोन धडे आहेत. भुसा ठासून भरला, म्हणून तो सावकाश जळला. भुसा कोरडा होता, म्हणून तो नीट जळला. आजची मोठमोठी यंत्रेही हेच दोन धडे पाळतात.

४. पाणी हा लाकडाचा शत्रू

लाकडात शक्ती येते कुठून? ती येते सूर्याकडून. झाड उन्हात वाढते. ते हवेतला कर्बवायू घेते, मुळांनी पाणी घेते आणि त्यातून लाकूड तयार करते. लाकूड म्हणजे साठवलेले ऊन. जाळले की ते ऊन बाहेर येते. पुन्हा झाड लावले की पुन्हा ऊन साठते. म्हणून या शक्तीला पुन्हा पुन्हा मिळणारी शक्ती म्हणतात. खाणीतला दगडी कोळसा असा पुन्हा मिळत नाही. तो तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागली.

पण नुकत्याच तोडलेल्या फांदीत साधारण निम्मे वजन पाण्याचे असते. ती फांदी जाळली, तर बरीचशी आग ते पाणी उकळण्यातच खर्च होते. उरतो तो धूर.

आपण एक हिशेब करू. तो ढोबळ आहे, पण उपयोगी आहे.

एक टन, म्हणजे १००० किलो ओल्या फांद्या घेतल्या. त्या नीट वाळवल्या. सुमारे ५५० किलो कोरडे लाकूड उरले. या लाकडात जेवढी उष्णता आहे, तेवढी स्वयंपाकाच्या गॅसच्या १३ ते १४ टाक्यांत असते. टाकी १४.२ किलोची धरली आहे.

हे ऐकून एक काका आम्हाला म्हणाले, "मग गॅस कशाला हवा?"

आम्ही म्हणालो, "काका, थांबा. हिशेब अर्धाच झालाय."

तीन दगडांच्या चुलीत १०० भाग उष्णता पेटली, तर भांड्याला १० ते १५ भागच लागते. बाकीची इकडेतिकडे जाते. गॅसच्या शेगडीत सुमारे ६० भाग भांड्याला लागते. म्हणून साध्या चुलीत त्या ५५० किलो लाकडाने जेमतेम ३ टाक्यांएवढे काम होते. सुधारलेल्या चांगल्या चुलीत भांड्याला ३० भाग लागले, तर ६ ते ७ टाक्यांएवढे काम होते. लाकूड तेच. चूल बदलली, तर काम दुप्पट होते आणि धूरही कमी होतो.

५. टाकाऊ लाकडाच्या तीन वाटा

टाकाऊ लाकडातून शक्ती काढण्याच्या तीन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट – पांढरा कोळसा. लाकडाचे तुकडे यंत्रात बारीक करतात. भुसा वाळवतात. मग मोठ्या दाबाच्या यंत्रात घालून त्याच्या कांड्या काढतात. यात डिंक किंवा सरस घालावा लागत नाही. लाकडातच एक चिकट द्रव्य असते. दाबाने आणि उष्णतेने ते मऊ होते आणि भुसा एकजीव होतो. या कांड्यांना ब्रिकेट म्हणतात. बाजारात त्यांना पांढरा कोळसा असेही नाव आहे. लहान आकाराच्या असल्या, तर त्यांना पेलेट म्हणजे गोळ्या म्हणतात. कारखान्याच्या बॉयलरमध्ये दगडी कोळशाच्या जागी हा पांढरा कोळसा चालतो.

दुसरी वाट – लाकडाचा गॅस. बंद भट्टीत थोडीच हवा सोडून लाकूड तापवले, तर ते पुरते जळत नाही. त्यातून जळणारा वायू निघतो. त्यावर इंजिन चालते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा आपल्याकडे अशा गॅसवर मोटारी धावल्या. मोटारीला कोळशाची भट्टी जोडलेली असे. पुढे १९८८ साली बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटकातल्या होसहळ्ळी या लहान गावी लाकडाच्या गॅसवर वीज केली. तिच्यावर गावात दिवे लागले, पाण्याचा पंप आणि पिठाची गिरणी चालली. लाकडासाठी गावाजवळ मुद्दाम झाडे लावली होती. साधारण सव्वा किलो कोरड्या लाकडात एक युनिट वीज होते. म्हणजे आपल्या ५५० किलोंत ४०० ते ४५० युनिट.

तिसरी वाट – लोणारी कोळसा. ही वाट आपल्या भागात जुनी आहे. ठाणे-रायगडच्या कातकरी बांधवांनी पिढ्यानपिढ्या कोळशाच्या भट्ट्यांवर घाम गाळला आहे. पण त्या भट्ट्यांत रानातले झाड जाई आणि कष्ट करणाऱ्याच्या हाती फार थोडे उरे. आता टाकाऊ मालाचाही कोळसा करता येतो. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली. २००२ साली त्या कामाला इंग्लंडचे अ‍ॅशडेन पारितोषिक मिळाले.

इथे एक गोष्ट जपा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. तिच्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो. झोपेतच माणूस जातो.

६. सगळेच लाकूड जाळू नये

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

उल्हासनगरच्या त्या ढिगात सगळे लाकूड सारखे नव्हते. काही साधे सागवानी, काही देवदारी. पण काही प्लायवूडचे तुकडे होते. काहींवर सनमायका होता. काहींवर तेलरंग होता.

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ थर सरसाने चिकटवलेले. भुसा दाबून केलेल्या पाट्यांतही तसलाच सरस असतो. तो सरस, तो रंग, ते प्लॅस्टिक चुलीत जळले, की विषारी धूर होतो. वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेले लाकूडही तसेच. जुन्या रंगात शिसे असू शकते. ते राखेत उरते. ती राख परसात टाकली, तर भाजीपाल्यात जाते.

मुंबईत हा प्रश्न पावाच्या भट्टीपर्यंत पोचला. मुंबईतल्या पुष्कळ बेकऱ्या लाकडावर चालत. मोडलेल्या फर्निचरचे आणि पाडलेल्या घरांचे लाकूड स्वस्त पडते, म्हणून ते भट्टीत जाई. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेचा विचार करून, लाकूड आणि कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, या दृष्टीने पावले टाकायला सांगितले. बेकरीवाल्यांना खर्चाची काळजी पडली. दोष लाकडाचा नव्हता. चांगले-वाईट लाकूड वेगळे न करता जाळण्याचा होता.

म्हणून लाकडाचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग – जे पुन्हा वापरता येईल ते. चांगली फळी, वासा, चौकट. याला आग लावू नये. याचे बाकडे होते, गोठ्याचे दार होते.

दुसरा ढीग – साधे, रंग नसलेले लाकूड, फांद्या, स्वच्छ भुसा. हे सरपण.

तिसरा ढीग – प्लायवूड, रंगवलेले, औषध मारलेले, सनमायका लावलेले. हे घरी जाळू नये. बंबात नाही, चुलीत नाही, शेकोटीतसुद्धा नाही. ते नगरपालिकेकडे वेगळे द्यावे.

७. नगरपालिका काय करू शकते?

"हे सगळं खरं," एक वहिनी आम्हाला म्हणाल्या, "पण गाडीत सगळं एकत्रच टाकतात. आम्ही वेगळं करून काय उपयोग?"

वहिनींचे बरोबर आहे. एकट्याने भागत नाही. इथे नगरपालिकेचे आणि महानगरपालिकेचे काम सुरू होते. २०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम केले. बागेचा आणि झाडांचा कचरा वेगळा ठेवावा, उघड्यावर कचरा जाळू नये, असे त्यांत सांगितले होते. काही शहरांनी त्याही पुढे पाऊल टाकले. दोन उदाहरणे पाहू.

मुंबई. मुंबई महानगरपालिका अंत्यविधीसाठी लाकूड पुरवते. एका अंत्यविधीला सुमारे ३०० किलो लाकूड लागते. २०२२ साली पालिकेने ठरवले, की १४ स्मशानभूमींत लाकडाऐवजी पांढरा कोळसा वापरायचा. तो शेतातल्या आणि झाडांच्या टाकाऊ मालापासून केलेला. तो सुमारे २५० किलो पुरतो. विधी तोच, पण झाड वाचते. नागपुरातही अशा कांड्या स्मशानात वापरल्या गेल्या आहेत. तिथे त्यांना मोक्षकाष्ठ असे सुंदर नाव मिळाले.

इंदूर. होळकरांचे इंदूर आज मध्य प्रदेशात आहे, पण तिथे मराठी माणसे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. त्या शहरात रोज सुमारे ३० टन झाडपाल्याचा कचरा निघतो. पानगळीत तो ६० ते ७० टनांवर जातो. २०२५ साली इंदूर महानगरपालिकेने एका कंपनीशी भागीदारी केली. बिचोली हप्सी येथे कारखान्याला जागा दिली. फांद्या तीन-चार महिने वाळवायच्या, त्यांचा भुसा करायचा आणि इंधन म्हणून विकायचा, असे ठरले. लाकूड आणि फांद्या पुरवल्याबद्दल पालिकेलाच टनामागे सुमारे ३००० रुपये मिळायचे. कचरा उचलायला पालिका पैसे देते, हे आपण नेहमी ऐकतो. इथे कचऱ्याचे पैसे पालिकेला!

यावरून दिसते, की पालिकेने चार कामे केली तर गाडे चालते. पहिले, जागा द्यायची. दुसरे, लाकडासाठी वेगळी गाडी ठेवायची. तिसरे, छपराखाली वाळवायची सोय करायची. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. छप्पर नसेल, तर वाळलेले लाकूड पुन्हा भिजते. चौथे, तयार मालाला गिऱ्हाईक बघायचे. स्मशानभूमी पालिकेचीच असते. कारखाने शेजारीच असतात.

आपल्या तीन शहरांनाही अशी संधी आहे. २०२० नंतरच्या वर्षांत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांसाठी मिळून एकच घनकचरा प्रकल्प करण्याचे शासनाने ठरवले. जागा धरली बदलापूरजवळच्या वालिवलीची. एकट्या शहराला यंत्र परवडत नाही. तिघांनी मिळून घेतले, तर परवडते. अशा ठिकाणी ओला कचरा, सुका कचरा यांच्या शेजारी लाकडाची एक वेगळी जागा असावी, असे आम्हाला वाटते. ती मागणे हा नागरिकांचा हक्क आहे.

पैशांचीही वाट असते. २०२२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम काढला. ब्रिकेट किंवा पेलेटच्या कारखान्याला, ताशी एक टन माल काढण्याच्या शक्तीमागे ९ लाख रुपये, जास्तीत जास्त ४५ लाख, अशी मदत त्यात ठेवली होती. योजना बदलत असतात. म्हणून काम काढण्याआधी आजची योजना कोणती, हे महाऊर्जाच्या कार्यालयात विचारावे. महाऊर्जा ही राज्य सरकारची संस्था असून तिचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे.

८. आपण काय करावे?

शहराचे लाकूड, मग गावाने काय करायचे? पुष्कळ करता येते.

गावात ग्रामसभा भरते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, असे तिचे दिवस बहुधा ठरलेले असतात. तिथे हा विषय काढावा. गावाजवळ पडीक गावठाण असेल, तर एक छप्पर घालता येईल. शहरातले स्वच्छ लाकूड आणि छाटलेल्या फांद्या तिथे आणता येतील. निवडायचे, तोडायचे, वाळवायचे काम बायांच्या बचत गटाला देता येईल. जी बाई आज मोळीसाठी डोंगर चढते, तिला तेच काम सावलीत आणि मजुरीने मिळेल. कारखाना कुणीही काढो, या बाईचे पोट त्यावर चालले पाहिजे. नाहीतर शहराचा कचरा कमी होईल, पण मोळी तिच्या डोक्यावरच राहील.

तुम्हाला आता लिहिता येते. मग अर्ज करायला कुणाची वाट पाहायची? नमुना असा –

मा. मुख्याधिकारी, ………… नगरपरिषद, यांस,

विषय : स्वच्छ टाकाऊ लाकूड मिळणेबाबत.

महोदय, आमच्या गावच्या ग्रामसभेने दि. ……… रोजी ठराव केला आहे. आपल्या शहरात छाटलेल्या फांद्या आणि रंग नसलेले टाकाऊ लाकूड वेगळे गोळा करावे व ते आमच्या गावच्या बचत गटास वाळवण्यासाठी द्यावे, अशी विनंती आहे. प्लायवूड व रंगवलेले लाकूड त्यात नसावे. ठरावाची नक्कल सोबत जोडली आहे. कृपया लेखी उत्तर द्यावे.

आपले नम्र, (सह्या)

अर्ज उल्हासनगरला करायचा असेल, तर 'मुख्याधिकारी' ऐवजी 'आयुक्त' लिहावे. उल्हासनगरला महानगरपालिका आहे. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. तिच्यावर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्यावी. शिक्का नसेल, तर अर्ज दिल्याचा पुरावा राहत नाही.

९. एक धोका

या धंद्यात एक धोका आहे. तो लपवणे बरे नाही.

टाकाऊ लाकडाला भाव आला, की कुणी हिरवे झाडच 'टाकाऊ' म्हणून तोडील. टेम्पोत वर फांद्या आणि खाली खैराचा बुंधा, असे होऊ शकते. म्हणून डोळे उघडे ठेवावेत. शहरातल्या झाडांसाठी १९७५ सालचा कायदा आहे. पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. गावातल्या झाडांसाठी १९६४ सालचा कायदा आहे. साग, खैर, आंबा, फणस, मोह अशी ठरावीक झाडे स्वतःच्या जमिनीत असली, तरी परवानगी लागते. गावच्या छपराखाली येणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद वहीत करावी. कुठून आली, काय आणले, किती आणले. ही वही ग्रामसभेपुढे वाचावी. वही लिहिणारा माणूस गावचाच असावा.

१०. शेवटी

त्या तीन बाया आम्हाला पुन्हा भेटल्या नाहीत. पण त्यांची मोळी डोळ्यांपुढून जात नाही. ती मोळी वजनाने किती होती, हे आम्ही विचारले नाही. विचारायला हवे होते.

लाकडाला जात नसते. फर्निचरचा तुकडा आणि रानातली फांदी चुलीला सारखीच, फक्त ती स्वच्छ आणि कोरडी हवी. शहराने वेगळे ठेवावे. पालिकेने जागा द्यावी. गावाने वाळवावे आणि पहारा ठेवावा. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण पाण्यासाठी वापरतो. ती ढलपीलाही लागू आहे.

आठवा आणि सांगा

१. उल्हासनगरच्या गावाची कोनशिला कोणत्या साली बसवली?
२. भुशाच्या शेगडीत भुसा ठासून का भरतात?
३. कोणते लाकूड चुलीत घालू नये? का?
४. इंदूरच्या पालिकेला लाकडाचे पैसे कसे मिळायचे ठरले?
५. तुमच्या गावाजवळ लाकूड कुठे वाया जाते? चौघांनी मिळून यादी करा.

हिशेब करा

१००० किलो ओल्या फांद्या वाळवून ५५० किलो उरल्या. मग ४००० किलो ओल्या फांद्यांतून किती किलो कोरडे लाकूड मिळेल?

शब्दांचे अर्थ

ढलपी – लाकूड तासताना निघणारा पातळ तुकडा.
फाटी – जळणाची लाकडे.
लोणारी कोळसा – लाकूड अर्धवट जाळून केलेला कोळसा.
ब्रिकेट – भुसा दाबून केलेली जळणाची कांडी, पांढरा कोळसा.
वखार – लाकडाची साठवण आणि विक्रीची जागा.
पोच – अर्ज मिळाल्याची खूण.